स्टेम सेलचं संशोधन नक्की कुठं अडलंय? जाणकारांनी सांगावं

माणगंगेकाठचा:
नमस्कार मंडळी. दोनतीन वर्षं नुसता वाचतोय, लिहितोय पहिल्यांदाच, मोठं झालं तर सांभाळून घ्या.

माझा मुलगा नऊ वर्षांचा आहे. त्याला डीएमडी आहे, ड्युशेन मस्क्युलर डिस्ट्रॉफी, म्हणजे स्नायू हळूहळू कमजोर होत जाणारा जन्मजात आजार. चार वर्षांचा असताना त्याच्या आईच्या लक्षात आलं की पोरगं जमिनीवरून सरळ उठत नाही. आधी ओणवं होतं, मग हात गुडघ्यावर, मग मांडीवर, असं स्वतःच्याच अंगावर चढत चढत उभं राहतं. पोटऱ्या चांगल्या टणक होत्या, आजोबा म्हणायचे पैलवानाचं रक्त आहे. मग रक्ताची तपासणी, मग जीन टेस्ट, आणि मग डॉक्टरांनी खुर्ची पुढं ओढून सगळं समजावून सांगितलं ते अजून कानात आहे.

मागच्या वर्षी मोबाईलवर एक व्हिडिओ आला, स्टेम सेल थेरपी, एक पोरगं आधी चालत नव्हतं आणि नंतर चालतंय. आम्ही गेलो. दवाखान्याचं नाव लिहीत नाही. पतसंस्थेचं कर्ज काढलं, मेव्हण्यानं शेळ्या विकून पैसे दिले. कमरेच्या हाडातून मगज काढली, त्याच दिवशी दुपारी पाठीच्या कण्यात सोडली, चार दिवस ठेवून घेतलं, दिवसातून दोनदा व्यायाम. महिनाभर वाटलं फरक आहे. तिसऱ्या महिन्यात जिना पुन्हा बंद झाला तो आजतागायत. आता फोन येतोय की दुसरा डोस घेतल्याशिवाय रिझल्ट दिसत नाही.

माझा प्रश्न सरळ आहे. पंचवीस वर्षं ऐकतोय की स्टेम सेलनं सगळे आजार बरे होणार. मग अडलंय कुठं? पैसा नाही, परवानगी नाही, का औषधच तयार नाही? आणि तयार नसेल तर हे लोक काय विकतायत?

पेट्रीडिशवाली:
दादा, आधी दुसऱ्या डोसचं बोलते. पैसे भरू नका. मी डॉक्टर नाही, पण पुण्यात याच विषयात पीएचडी केली आणि सध्या परदेशात रोज याच पेशींवर काम करते, म्हणून एवढं ठामपणे लिहितेय.

स्टेम सेल म्हणजे ज्यांच्यापासून शरीरातल्या दुसऱ्या पेशी तयार होतात त्या मूळ पेशी. हाडाच्या मगजेत ज्या स्टेम सेल असतात त्यांचं काम रक्त तयार करणं, स्नायू तयार करणं नाही. आणि त्याहून मोठी गोष्ट म्हणजे तुमच्या मुलाच्या मगजेतल्या प्रत्येक पेशीत तोच बिघडलेला डिस्ट्रॉफिनचा, म्हणजे स्नायू टिकवणाऱ्या प्रथिनाचा, जीन आहे. म्हणजे समजा त्या पेशींचा स्नायू झालाच तरी तो त्याच आजाराचा स्नायू होणार. हे तुम्हाला कुणी पैसे घ्यायच्या आधी सांगायला हवं होतं. महिनाभर जो फरक वाटला तो बहुतेक दिवसातून दोनदा झालेल्या व्यायामाचा असणार.

दुसऱ्याच्या निरोगी स्नायूपेशी टोचून बघायचे प्रयत्न १९९० च्या दशकात झाले होते. पेशी सोडल्या की बऱ्याचशा पहिल्या काही दिवसांतच मरतात, उरलेल्या सुईच्या वाटेच्या आसपास एकदोन मिलिमीटरमध्ये बसून राहतात, पुढे सरकतच नाहीत. आता नऊ वर्षांच्या मुलाच्या अंगात स्नायू किती ते बघा, किती सुया टोचणार, आणि श्वासाचा पडदा आणि हृदय तर सुईनं असं सगळीकडून भरून काढताच येत नाही. शिवाय दुसऱ्याच्या पेशी म्हटल्या की शरीर त्यांच्यावर हल्ला करणार. डीएमडीमध्ये गाडी मुख्यतः इथे अडलीय. पैसा ओतून उद्या सुटेल असं हे नाही.

बाकी आजारांचं रात्री लिहिते, आत्ता पेशींना खायला घालायची वेळ झाली.

दादरचा_वाचक:
मला या विषयाची पेपरातली कात्रणं जमवायची सवय होती म्हणून थोडा इतिहास. १९९८ मध्ये अमेरिकेत विस्कॉन्सिनला जेम्स थॉमसन यांनी माणसाच्या गर्भातल्या स्टेम सेल पहिल्यांदा प्रयोगशाळेत वाढवल्या. गर्भ म्हणजे चारपाच दिवसांचा, टेस्ट ट्यूब बेबीच्या उपचारात शिल्लक राहिलेला, पण त्यातून पेशी काढल्या की तो नष्ट होतो म्हणून तिकडे प्रचंड वाद झाला. ९ ऑगस्ट २००१ ला राष्ट्राध्यक्ष बुश यांनी जाहीर केलं की त्या दिवसापर्यंत ज्या पेशींच्या लाइन, म्हणजे एका गर्भापासून काढून लॅबमध्ये वाढवत ठेवलेल्या पेशींचे वंश, तयार झाल्यात फक्त त्यांच्यावरच्या संशोधनाला केंद्राचा पैसा मिळेल. तेव्हा साठपेक्षा जास्त लाइन असल्याचं सांगितलं गेलं आणि त्या यादीत आपल्या मुंबईच्या रिलायन्स लाइफ सायन्सेसच्या सात आणि बंगळुरूच्या एनसीबीएस या संशोधन संस्थेच्या तीन होत्या, मला ते वाचून केवढा अभिमान वाटला होता. प्रत्यक्षात वापरण्यासारख्या वीसबावीसच निघाल्या. त्यातल्या पुष्कळशा उंदराच्या पेशींच्या थरावर आणि वासराच्या सीरममध्ये वाढवलेल्या, म्हणजे माणसाच्या अंगात सोडायच्या दृष्टीनं अडचणीच्याच. ओबामांनी मार्च २००९ मध्ये ती अट उठवली, पण मधली साडेसात वर्षं गेली ती गेलीच. माझ्या मते खरा अडथळा हा होता.

निशिगंध:
काका, अमेरिकेपुरतं खरं आहे, पण त्यावर सगळं लोटता येत नाही. कॅलिफोर्नियानं २००४ मध्ये लोकांचं मतदान घेऊन तीन अब्ज डॉलर वेगळे काढले, २०२० मध्ये आणखी साडेपाच अब्ज. आणि २००६ मध्ये जपानच्या यामानाका यांनी उंदराच्या साध्या त्वचेच्या पेशीत चार जीन घालून तिला पुन्हा गर्भातल्या पेशीसारखं केलं, २००७ मध्ये माणसाच्या पेशीत, २०१२ ला नोबेल. म्हणजे गर्भाचा प्रश्न बराचसा बाजूला पडला. तरी औषधं भराभर आली नाहीत. आणि आपल्याकडे तर गर्भाच्या मुद्द्यावरून असा वाद कधी पेटलाच नाही, परळच्या एनआयआरआरएच या सरकारी संशोधन संस्थेत किंड-१ आणि किंड-२ अशा दोन लाइन शांतपणे तयार झाल्या. तेव्हा राजकारण हा एक अडथळा, पण मूळ अडचण पेशीतच आहे असं मला वाटतं.

पेट्रीडिशवाली:
निशिगंध, अगदी बरोबर. मी रोज काय करते ते सांगते, म्हणजे चित्र उभं राहील.

आयपीएस पेशी, म्हणजे यामानाकांच्या पद्धतीनं परत गर्भातल्या पेशीसारख्या केलेल्या, तान्ह्या बाळासारख्या असतात. रोज त्यांचं पाणी बदलावं लागतं, म्हणजे गुलाबी रंगाचं मीडियम, रविवार नाही की दिवाळी नाही. सूक्ष्मदर्शकाखाली चांगली कॉलनी कशी दिसते, तर सपाट, कडा कापल्यासारखी स्वच्छ, पेशी एकमेकींना चिकटून. एखाद्या कडेला पेशी पसरट व्हायला लागल्या की समजायचं बिघडायला लागल्या, तेवढा भाग सुईनं खरवडून टाकायचा. असं महिनोन् महिने वाढवल्यावर गुणसूत्रं तपासली आणि विसाव्या गुणसूत्राचा एक तुकडा जास्तीचा निघाला तर अख्खी बॅच फेकायची. तो तुकडा जास्त असलेल्या पेशी मरत नाहीत, जोमानं वाढतात, आणि डिशमध्ये जोमानं वाढणारी पेशी माणसाच्या अंगात गेली तर ती गाठ होईल का ही भीती असते. मी गेल्या वर्षी सात महिन्यांचं काम असं ब्लीचमध्ये ओतलं. त्या दिवशी जेवण गेलं नाही.

म्हणजे या पेशीची जी ताकद तीच तिची भीती. ती काहीही होऊ शकते म्हणून आपल्याला ती हवी, आणि लाखो पेशींतल्या चार जरी कच्च्या राहिल्या तरी त्यांची टेराटोमा नावाची गाठ होऊ शकते. जपानमध्ये २०१४ ला मासायो ताकाहाशी यांच्या टीमनं एका बाईंच्या डोळ्यात तिच्याच त्वचेपासून केलेला रेटिनामागच्या पेशींचा थर बसवला, आयपीएसचा माणसातला पहिला वापर. दुसऱ्या पेशंटच्या पेशी तयार होत्या, पण तपासणीत जीनमध्ये बदल सापडले आणि त्यांनी ऑपरेशनच थांबवलं. मला त्या टीमबद्दल फार आदर वाटतो. पेशंट वाट बघतोय, जगाचं लक्ष आहे, आणि तरी नाही म्हणायचं.

आणि न थांबणाऱ्यांचं काय झालं ते पण सांगते. रशियात एका इस्रायली मुलाच्या मेंदूत गर्भपातातून मिळवलेल्या पेशी सोडल्या होत्या, काही वर्षांनी त्याच्या मेंदूत आणि मणक्यात गाठी झाल्या, तपासल्या तर त्या दुसऱ्याच्या पेशींपासून तयार झालेल्या. हे २००९ मध्ये प्रसिद्ध झालं. अमेरिकेत फ्लोरिडात तीन बायकांच्या दोन्ही डोळ्यांत पोटाच्या चरबीतून काढलेल्या पेशी टोचल्या आणि त्यांची होती ती नजर पण गेली. त्यासाठी त्यांनी पैसे भरले होते.

सोलापूरची_सिस्टर:
सगळंच अडलंय असं नाही हो, मी नेत्रविभागात बावीस वर्षं काढली म्हणून सांगते. चुन्याच्या पुडीनं भाजलेले डोळे आमच्याकडे किती यायचे. आजोबा तंबाखू मळून पुडी खाली ठेवतात, नातू ती दाबतो आणि चुना सरळ डोळ्यात. बुबुळाच्या कडेला ज्या स्टेम सेल असतात त्या जळतात, मग बुबुळावर पांढरा पडदा आणि लाल शिरा चढतात. असल्या डोळ्यात नुसतं बुबुळ बदलून उपयोग होत नाही, महिन्यांत परत पांढरं.

हैदराबादच्या एल व्ही प्रसाद आय इन्स्टिट्यूटनं २००१ पासून या डोळ्यांवर स्टेम सेलचं काम केलंय. आधी पेशी लॅबमध्ये वाढवायचे, नंतर तिथल्याच डॉ. विरेंदर सांगवान यांनी सोपी पद्धत काढली. चांगल्या डोळ्याच्या कडेचा दोन मिलिमीटरचा तुकडा घ्यायचा, त्याचे आठदहा बारीक तुकडे करायचे आणि वारेवरच्या पातळ पडद्यावर गोंदानं चिकटवायचे, पेशी तिथंच वाढतात. लॅब नको, म्हणून खर्च कमी. मी पाठवलेला एक पोरगा परत आला तेव्हा माझ्या एप्रनवरचं नाव त्यानं मोठ्यानं वाचून दाखवलं, मी तिथंच रडले.

पुडी लहान मुलांच्या हाताला लागू देऊ नका, आणि डोळ्यात गेलाच तर लगेच भरपूर पाण्यानं धूत राहा, दवाखान्यात पोचेपर्यंत.

निशिगंध:
सिस्टर, हे फार छान लिहिलंत. डोळ्यात जमलं त्याचं कारण पण यातच आहे ना, पेशी त्याच जागेच्या, त्याच कामाच्या, थोड्याच लागतात आणि काय झालं ते बाहेरून दिसतं. रक्ताचं पण तसंच. टाटा मेमोरियलमध्ये मार्च १९८३ ला नऊ वर्षांच्या मुलीवर बोन मॅरो ट्रान्सप्लांट झालं, ती पण स्टेम सेलच. रक्तातल्या पेशी शिरेतून सोडल्या तरी आपोआप हाडात जाऊन बसतात. मेंदूच्या पेशींना कोण वाट दाखवणार.

नवी_आई_ठाणे:
थोडं विषयांतर, पण मला सातवा महिना आहे आणि नाळेतलं रक्त साठवायच्या कंपनीचे लोक घरी येऊन गेले, ऐंशी आजारांवर उपयोग म्हणाले, हप्ते पण आहेत. सासूबाई म्हणतात बाळासाठी एवढं करूच. करावं का?

बालरोग_कोल्हापूर:
ताई, विषयांतर अजिबात नाही. मी बालरोगतज्ज्ञ आहे. नाळेतलं रक्त साठवणं कायद्यात बसतं, पण स्वतःच्या बाळासाठी खाजगी बँकेत ठेवा अशी शिफारस आयसीएमआर, म्हणजे केंद्राची वैद्यकीय संशोधन परिषद, करत नाही, आणि आमच्या इंडियन अकॅडमी ऑफ पीडियाट्रिक्सनं पण २०१८ मध्ये स्पष्ट सांगितलंय की याला विमा म्हणू नका. कारण वर डीएमडीसाठी दिलंय तेच. बाळाला थॅलेसिमिया असेल तर नाळेतल्या पेशीत पण तोच दोष असणार, त्या त्याला परत देऊन काय होणार. घरात आधीच एखादं भावंड आजारी असेल आणि त्याला या पेशी लागणार असतील तर गोष्ट वेगळी, तेव्हा जरूर साठवा. तुमच्या घरी तसं नसेल तर ते पैसे बाळाच्या नावानं ठेवा.

आणि धागाकर्त्यांना: तुम्ही विचारलंत हे लोक काय विकतायत. आपल्याकडे २००७ मध्ये स्टेम सेलसाठी आयसीएमआरची नियमावली आली, २०१३ ला सुधारली तेव्हा तिच्या नावातला थेरपी हा शब्द मुद्दाम काढून टाकला आणि नुसतं संशोधन ठेवलं. २०१७ ची नियमावली सांगते की रक्ताच्या ठरावीक आजारांतलं ट्रान्सप्लांट सोडलं तर बाकी सगळं अजून प्रयोग आहे आणि ते फक्त मंजूर क्लिनिकल ट्रायलमध्येच करायचं. ट्रायल असेल तर तिचा सीटीआरआय, म्हणजे देशातल्या ट्रायलच्या सरकारी नोंदवहीतला, नोंदणी क्रमांक असतो, तो कुणीही नेटवर बघू शकतो. आणि ट्रायलमधल्या पेशंटकडून त्या उपचाराचे पैसे घ्यायचे नसतात. तुमच्याकडून पैसे घेतले इथंच सगळं आलं.

अथर्वची_आई:
मी इतका वेळ गप्प होते. माझ्या मुलाला ऑटिझम आहे. आम्ही ही थेरपी केली आणि आम्हाला फरक पडला. तो आधी माझ्याकडे बघायचा नाही, आता बघतो. तुम्ही सगळे शिकलेले लोक आमच्यासारख्यांची आशा का तोडता? तुमचं संशोधन व्हायला अजून वीस वर्षं लागतील, तोपर्यंत माझा मुलगा तीस वर्षांचा होईल.

पेट्रीडिशवाली:
ताई, तुमचा मुलगा तुमच्याकडे बघतो हे खरंच आहे आणि ते कुणी खोटं म्हणत नाही. प्रश्न एवढाच की ते त्या इंजेक्शननं झालं, का तो एक वर्षानं मोठा झाला आणि तुम्ही रात्रंदिवस त्याच्यासोबत बसलात त्यानं झालं. हे एका मुलाकडे बघून मला कळणार नाही, तुम्हाला नाही आणि त्या डॉक्टरलाही नाही. म्हणून सारख्या मुलांचे दोन गट करून, कुणाला काय दिलं ते लपवून बघावं लागतं. पैसे घेऊन सगळ्यांनाच इंजेक्शन देणारा माणूस हजार मुलांना देऊनसुद्धा हे उत्तर शोधू शकत नाही, आणि मला सगळ्यात जास्त राग याचा येतो, कारण ती हजार मुलं नीट अभ्यासात असती तर आज तुम्हाला हो किंवा नाही असं पक्कं सांगता आलं असतं. २०२२ च्या शेवटी नॅशनल मेडिकल कमिशनच्या नीतिमंडळानं पण ऑटिझमसाठी याची शिफारस नाही असं सांगितलंय. स्पीच आणि ऑक्युपेशनल थेरपी चालू ठेवा, प्लीज.

दादरचा_वाचक:
संशोधकांनीही काही कमी नुकसान केलेलं नाही हे नोंदवतो. कोरियाच्या ह्वांग वू-सुक यांनी २००४ आणि २००५ मध्ये क्लोन केलेल्या गर्भापासून स्टेम सेल काढल्याचं छापलं, सगळं बनावट, जानेवारी २००६ ला दोन्ही पेपर मागे घेतले गेले. हृदयाचं तर त्याहून वाईट. पिएरो अँव्हर्सा यांनी हृदयात स्टेम सेल असतात असं वर्षानुवर्षं मांडलं, त्यावर पेशंटवर ट्रायल झाल्या, आणि २०१८ मध्ये हार्वर्डनं त्यांचे ३१ पेपर मागे घ्यायला सांगितले. किती तरुण पोरांनी त्या वाटेवर आयुष्यातली वर्षं घातली असतील.

पेट्रीडिशवाली:
माझी एक सीनियर त्यातच होती काका. आता दुसऱ्या क्षेत्रात आहे. एवढंच लिहिते.

कोरचीची_आशा:
मी गडचिरोलीकडची, कोरची तालुक्यातली, आरोग्य विभागातच आहे. आमच्याकडे सिकल सेल हा रक्ताचा आनुवंशिक आजार आहे. वरच्या सगळ्या चर्चेत किमतीचं कोणी बोललं नाही म्हणून लिहीत आहे. २०२३ च्या शेवटी कॅसजेव्ही नावाचा उपचार इंग्लंड अमेरिकेत मंजूर झाला. पेशंटच्या स्वतःच्या रक्ताच्या स्टेम सेल काढून, त्यांच्या जीनमध्ये बदल करून परत द्यायच्या, म्हणजे संशोधन झालं, यशस्वी झालं. किंमत बावीस लाख डॉलर, आपले अठरा कोटींच्या आसपास. आणि त्याआधी केमो, मग कित्येक आठवडे दवाखाना. आमच्या पोरी दुखणं उठलं की ट्रॅक्टरवर बसून येतात, कधीकधी हायड्रॉक्सीयुरियाच्या गोळ्याच संपलेल्या असतात. दिल्लीच्या आयजीआयबी या सरकारी संशोधन संस्थेनं आपल्या देशातलं असंच तंत्रज्ञान तयार करून पुण्याच्या सीरम इन्स्टिट्यूटकडे दिलं आहे, नाव बिरसा १०१ ठेवलं, ते ऐकून मला खूप बरं वाटलं. पण त्याच्या चाचण्या नीट व्हाव्या आणि पहिल्या खेपेलाच कोरचीपर्यंत यावं, दहा वर्षांनी नाही.

निशिगंध:
तुम्ही म्हणता ते फार महत्त्वाचं आहे. पैशाची दुसरी बाजू पण आहे. जेरॉन कंपनीनं मणक्याच्या दुखापतीवर गर्भातल्या स्टेम सेलची जगातली पहिली ट्रायल ऑक्टोबर २०१० ला सुरू केली. परवानगीसाठी वीस हजारांहून जास्त पानं दिली होती. नोव्हेंबर २०११ ला बंद. पेशींनी दगा दिला म्हणून नाही, कंपनीला तो पैसा कॅन्सरच्या औषधांवर लावायचा होता म्हणून. तोवर जेमतेम चारपाच पेशंट झाले होते. आपल्याकडे उलट उदाहरण, बंगळुरूच्या स्टेमप्युटिक्सनं बिडी-सिगारेटनं पाय सडतो त्या बर्जर आजारावर वर्षानुवर्षं रीतसर ट्रायल केल्या आणि २०२० मध्ये पूर्ण मंजुरी मिळवली. म्हणजे सरळ रस्त्यानं जाता येतं, वेळ लागतो.

टाइप१_बाबा:
आमच्या मुलीला टाइप वन डायबेटिस, म्हणून मी एकच बातमी धरून बसलोय. अमेरिकेतल्या व्हर्टेक्स कंपनीनं स्टेम सेलपासून इन्सुलिनच्या पेशी तयार करून दिल्या आणि जून २०२५ च्या पेपरात पूर्ण डोसच्या १२ पैकी १० जणांना वर्षभरानंतर इन्सुलिन लागत नव्हतं. बारापैकी दहा! मी तो आकडा बायकोला तीनदा वाचून दाखवला. पण शरीरानं त्या पेशी नाकारू नयेत म्हणून प्रतिकारशक्ती दाबणारी औषधं सतत घ्यावी लागतात, अकरा वर्षांच्या पोरीला ती मी देणार नाही. ही एक गाठ सुटायची थांबलोय. ट्रायल संपायची वाट बघायला माझी हरकत नाही, नीट बघा, पण बघत राहा, मधेच सोडू नका.

माणगंगेकाठचा:
सगळ्यांचे आभार. दोन दिवस प्रत्येक प्रतिसाद बायकोला वाचून दाखवला, काही दोनदा. अथर्वच्या आई, तुमचं मन मला कळतं, मीही तिथंच होतो.

काल फोन आला तेव्हा मी विचारलं तुमच्या ट्रायलचा सीटीआरआय नंबर द्या. बाई म्हणाल्या, सर ही ट्रायल नाही, ही ट्रीटमेंट आहे. मी म्हटलं मग आयसीएमआरच्या नियमात ती बसते का. त्या म्हणाल्या डॉक्टर कॉल करतील. आला नाही.

डॉक्टरसाहेब, त्याच्या स्टेरॉइडच्या गोळ्या, डेफ्लाझाकॉर्ट, थेरपीच्या वेळी आम्ही दोन महिने बंद केल्या होत्या कारण तिथं कुणी काही विचारलंच नाही. आता परत चालू आहेत. दुसरं काय करू?

बालरोग_कोल्हापूर:
गोळ्या अचानक कधीही बंद करायच्या नाहीत, हे कागदावर लिहून फ्रीजवर लावा, गावाकडच्या डॉक्टरांनाही दाखवा. वर्षातून एकदा हृदयाचा इको आणि फुफ्फुसाची तपासणी, चालत असला तरी. रात्री घोट्याला स्प्लिंट, म्हणजे पाऊल सरळ धरून ठेवणारा आधार. मुलाच्या आईची आणि मावशीची पण जीन टेस्ट करून घ्या, हा आजार आईकडून येऊ शकतो आणि मावशीचं लग्न ठरत असेल तर तिला आधी माहीत असलेलं बरं. म्युटेशनचा, म्हणजे जीनमधल्या बिघाडाचा, रिपोर्ट जपून ठेवा, पुढे कुठली खरी ट्रायल निघाली तर पहिला कागद तोच मागतील.

माणगंगेकाठचा:
इकोची तारीख मिरजेला पुढच्या मंगळवारची मिळाली. मेव्हणीचं बोलणं आजच चाललंय, जेवण झाल्यावर सांगतो तिला. स्प्लिंट घालू देत नाही तो, टोचतात म्हणतो, त्यावर कुणाचा काही अनुभव असेल तर सांगा.

सोलापूरची_सिस्टर:
आत जुना सुती पायमोजा उलटा करून घाला दादा, शिवण बाहेरच्या बाजूला. आणि आधी टीव्ही बघताना अर्धा तास, मग एक तास, असं वाढवत न्या. पहिल्याच रात्री पूर्ण रात्र नको.